बर्फ्याचं दुखणं आणि तुमचं

अहो, तेरावं झालं तरी माणसं येतायत. ओट्यावर टेकतात, नको नको म्हणत चहा घेतात, आणि कप खाली ठेवताना सगळी एकच बोलतात, "विष्णूभाऊ अचानकच गेले हो." मी डोळ्यांना पदर लावते आणि मान हलवते. त्यांना काय सांगणार? पोटातलं दुखणं असं अचानक कुणाला नेत नाही. तुमचं कधी सुरू झालं ते मला आता नीट ठाऊक आहे. मागच्या खेपेला आंबा मोहोरला होता तेव्हा आपला बर्फ्या आजारी पडला, त्याच्याही आधी. कुत्र्याला काय झालं ते शोधायला मी अख्खी वाडी पालथी घातली, आणि तुम्हाला काय झालंय ते मी वाढलेल्या पानातच होतं. ते तुम्ही मला कळू दिलं नाहीत. त्यावरून मला तुमच्याशी भांडायचं होतं. तुम्ही नेहमीसारखे भांडण अर्ध्यावर टाकून उठून गेलात.

मी संशयी आहे हे काही नवीन नाही. लग्नानंतर महिन्याभरात तुम्ही ते सगळ्या कारखान्यात सांगून टाकलं होतंत. "आमच्या हिला पोलिसात घ्यायला हवी होती," असं तुम्ही म्हणायचात आणि लोक हसायचे. हसोत. दुधाचा थेंब नखावर उभा राहतो का ते मी बघतेच. मासा घेताना कल्ला उचलून आतला रंग बघतेच, मग विकणारी कितीही शिव्या देवो. तुम्ही मात्र कोण काय सांगेल ते खरं मानणारे. बर्फाच्या कारखान्यात फिटर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मशीनशी गाठ, त्यामुळे माणसं खोटं बोलतात हे तुमच्या गावीच नसायचं. निदान मी तरी तसंच समजत होते.

बर्फ्यालाही तुम्ही तिथूनच आणलात. बर्फाच्या लाद्या झाकायच्या भुशात कुणीतरी पिल्लू टाकून गेलं होतं, पांढरंधोप, भुशानं माखलेलं. मी विचारलं, "कुणाचं आहे? कुणी टाकलं? खोड असल्याशिवाय टाकलं असेल का?" तुम्ही म्हणालात, "अगो, त्याला आधी दूध तरी दे, मग जबानी घे." आपला बाळ मुंबईला नोकरीला गेला होता, घरात आपण दोघंच. कुत्रं राहिलं ते राहिलंच.

त्याला एकच वाईट खोड होती, उकरायची. आणि उकरायला त्याला दगडी गडग्यापलीकडची, शेजारच्या भिकूतात्यांची कलमं आवडायची. तात्यांनी हापूसची कलमं पोरांसारखी वाढवलेली. एकदा दोन कलमं मुळासकट बाहेर आलेली बघून ते गडग्याशी उभे राहून ओरडले होते, "एक दिवस ह्या कुत्र्याला बघतोच मी!" ते तुम्ही विसरलात. मी कशी विसरेन?

तर त्या दिवशी सकाळी बर्फ्या भाकरीला आला नाही. न्हाणीच्या मागं पाठ कमानीसारखी करून उभा होता. हाक मारली तर शेपटी हलेना. मग ओकला, पिवळं, फेसाळ, आणि थोड्या वेळानं मागून जे गेलं त्यात रक्त होतं. तो वास अजून माझ्या नाकात आहे. मी तिथल्या तिथे म्हटलं, घातलं! कुणीतरी घातलं! कुणीतरी म्हणजे कोण, तेही मला तेव्हाच माहीत होतं. मोहोरावर मारायच्या औषधाचं पिंप पलीकडे उघड्यावर उभं होतं, त्याचा उग्र भपकारा आपल्या मागच्या पडवीपर्यंत यायचा.

मी तशीच गडग्याशी गेले. तात्या पंप धूत होते. ऐकून ते लालबुंद झाले.

"वैनी, रागानं बोललो आसंन मी. त्यानं माझी कलमं उकरलीन तेव्हा बोललो. म्हणून काय मुक्या जनावराला इख घालीन? गळ्यात माळ हाय माझ्या."

"माळ दिसते हो तात्या," मी म्हटलं. "हात काय करतात ते कुठं दिसतं?"

तुम्ही मागून येऊन मला दंडाला धरून आत आणलंत. चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, कुत्र्यावरच्या मायेनं.

रिक्षावाला कुत्रं घ्यायला तयार नव्हता, सीट खराब होईल म्हणाला. तुम्ही बर्फ्याला गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलंत आणि त्याच्या तोंडाशी स्वतःचा पंचा धरलात. माझ्या हातात करवंटी होती, वर केळीचं पान बांधलेलं. तिच्यात बर्फ्यानं नंतर जे ओकलं ते मी जपून घेतलं होतं, पुरावा म्हणून. तुम्ही वाटेत सारखे म्हणत होतात, "ते कशाला घेतलंस? टाक गो ते." मी मनात म्हटलं, ह्या माणसाला आपल्या शेजाऱ्याची अब्रू कुत्र्याच्या जिवापेक्षा मोठी. तुमच्यावर आलेला माझा पहिला संशय तो. चुकीच्या जागी आला, पण आला होता.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाई-म्हशींची सवय. कुत्रं बघून ते जरा हिरमुसलेच. पण माणूस चांगला. बर्फ्याचं पोट दाबून बघितलं, कातडी चिमटीत धरून सोडली, ती लवकर खाली बसेना. मग मी करवंटी पुढे केली. त्यांनी नाक मुरडत काडीनं ढवळलं.

"विष म्हणताय? बाई, ह्यात वाटलेलं खोबरं आहे. ही तिरफळाची सालं. आणि हा बघा काटा, सुरमईचा असावा. एवढं तिखट, तेलकट रोज कोण घालतं याला?"

"रोज?"

"एका दिवसानं एवढं होत नाही. आतडं पार सुजलंय."

"आमच्याकडे त्याला भाकरी आणि पेज मिळते," मी म्हटलं. "फार तर माशाचं डोकं, तेही उकडून."

तुम्ही खाली बसून गोणपाटाची दोरी सोडवत होतात. फारच वेळ लागला तुम्हाला ती दोरी सोडवायला.

मानेच्या कातडीखाली सलाईन भरलं, त्याची पाठीवर गाठ आली. सुया टोचल्या. आज दिवसभर पोटात काही घालू नका, उद्या नुसतं साखर-मिठाचं पाणी, ते टिकलं तर पेजेची निवळ. वाचेल का विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "पाणी टिकलं तर बघू."

घरी येताना माझं डोकं भराभर चालत होतं. भिकूतात्यांच्या घरात मासा शिजत नाही. मग त्यांनी बाहेरून आणून घातला. पण तिरफळं? सुरमईच्या कालवणात तिरफळं घालायची सवय माझी, आणि ती तिरफळं माझ्या माहेरच्या झाडाची. म्हणजे कालवण आपलंच. म्हणजे कुणीतरी माझ्या स्वयंपाकघरात शिरून पातेल्यातलं काढून कुत्र्याला घालतंय, वर औषधाचे थेंब टाकून! मी तुम्हाला हे सगळं रिक्षात समजावून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "असेल." दुसऱ्या कुणी एवढ्यावरून ओळखलं असतं. तुम्ही माझ्या कुठल्याही संशयाला कधी "असेल" म्हटलं नव्हतंत.

संध्याकाळी मी पातेल्याच्या झाकणाला दोरा बांधून ठेवला, कुणी उघडलं तर कळावं म्हणून. सकाळी दोरा जसाच्या तसा. मला वाटलं, चोर सावध झाला. अहो, चोर माझ्या समोर पाटावर बसून चहा पीत होता.

त्या दिवसांत तुम्ही रात्रीचं जेवण मागच्या पडवीत घ्यायचात. आत धुरानं डोळे चुरचुरतात म्हणायचात. मी वाढून द्यायची, तुम्ही पान घेऊन बाहेर जायचात, आणि पान परत यायचं ते पुसून घेतल्यासारखं लख्ख. मी काय खूश व्हायची! तांडेलांच्या बोटीचं मशीन तुम्ही दुरुस्त करून द्यायचात म्हणून ते ताजी सुरमई पाठवायचे, आणि एवढं चांगलं मासळीचं कालवण माझा नवरा चाटून पुसून खातो, ह्या गुर्मीत मी होते. पँट सैल झाली तेव्हा विचारलं मी. तुम्ही म्हणालात, ओव्हरटाइम. मला संशय आला तो बंदरावरच्या त्या भजीवाल्याचा, त्याचं तेल चांगलं नसतं म्हणून. भजीवाल्याचा संशय येतो आणि नवऱ्याचा येत नाही, काय म्हणावं ह्या डोक्याला!

बर्फ्याला पाणी टिकेना. तुम्ही त्याचा जबडा हलकेच उघडायचात आणि मी गालाच्या कडेनं चमच्यानं पाणी सोडायची. गिळायचा, माझ्याकडे बघायचा, आणि परत ओकायचा. मी पुसायची, पुन्हा चमचा भरायची. आमसुलाचं पाणी, उगाळलेलं जायफळ, डाळिंबाची साल, कुणी सांगेल ते करत होते. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तरी. तुम्ही कारखान्यात खाडा करून त्याच्याशेजारी बसून होतात. त्याच्या कानाशी तोंड नेऊन तुम्ही म्हटलेलं मी ऐकलं, "चुकलं रे बाबा माझं."

"काय चुकलं?" मी विचारलं.

"पाणी पाजायची वेळ चुकली," तुम्ही म्हणालात. तुम्हाला बघता बघता खोटं सुचत होतं हो. कुठे शिकलात?

मग मी ठरवलं, गाऱ्हाणं घालायचं. डॉक्टर झाला, औषध झालं, आता देवळात नारळ ठेवून विचारते, कुणी घातलं ते समोर येऊ दे. तुम्ही नको म्हणालात. कुत्र्यासाठी कुणी गाऱ्हाणं घालतं का, लोक हसतील. तुम्ही लोकांच्या हसण्याला कधी घाबरलात? उलट नको म्हणालात म्हणून मी हट्टाला पेटले. जाताना मुद्दाम गडग्यावरून हाक मारली, "तात्या, देवळात या. खरे असाल तर या."

आणि ते आले. धुतलेला सदरा घालून आले.

गुरवानं नारळ देवासमोर ठेवला, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं. "बा देवा महाराजा! आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी आली हायत रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही सगळे.

"ह्यांच्या दारचा मुका जीव आज अंथरुणाला खिळलाय. त्याला आराम पडू दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि ज्या कोणी त्याच्या तोंडात वाईट घातलान आसंल, त्याला तू उजेडात आण, त्याला त्याच्या कर्माचं फळ दाखव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" तात्यांचा आवाज सगळ्यात मोठा. मी त्यांच्याकडे डोळे लावून उभी होते. त्यांची जीभ अडखळते का ते मला बघायचं होतं. अडखळली नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या उजव्या बाजूनं आवाज आलाच नाही. तुम्ही हात जोडून उभे होतात, ओठ मिटलेले. पहिल्या दोन्ही वेळी तुमचा आवाज होता. तिसऱ्या वेळी नव्हता.

वाटेत मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "घसा बसला." मी म्हटलं, देवासमोर बसला? तुम्ही भराभर पुढे चालायला लागलात. मी मागे वळून तात्यांकडे बघितलं तर ते तुमच्याकडे बघत होते. त्या क्षणी मी पक्कं ठरवलं, ह्या दोघांचं आपापसात काहीतरी आहे.

बर्फ्या वाचला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी टिकलं. मग निवळ टिकली. मग एका सकाळी मी चमचा पुढे केला तर तो स्वतःच मान उचलून चाटायला लागला, आणि मी पडवीत बसून ढसाढसा रडले. तुम्हीही रडलात. मी तोपर्यंत तुम्हाला रडताना बघितलं नव्हतं, तुमचे दादा गेले तेव्हासुद्धा.

त्या दिवसापासून तुम्ही आत, माझ्यासमोर बसून जेवायला लागलात. "कमी वाढ," म्हणायचात. आणि उपास सुरू केलेत. बर्फ्यासाठी देवाला बोललो होतो म्हणालात, ते फेडतोय. सोमवार झाला, चतुर्थी झाली, मग शनिवार आला, एकादशी आली. एकादशीला माळकरी तात्यांच्या बरोबरीनं उपास धरायचात. मी शेजारणींना कौतुकानं सांगायची, कुत्र्यासाठी एवढं करतात हो आमचे हे. दूध, मासा, शेजारी, डॉक्टर, भजीवाला, सगळ्यांवर माझा संशय. उपासावर कोण संशय घेणार? देवाच्या नावाखाली तुम्ही माझ्यासमोर उपाशी बसत होतात आणि मी तुमच्या पुढ्यात राजगिऱ्याचा लाडू ठेवत होते. तोही तुम्ही खिशात घालायचात, ते मला तुमच्या कोटाच्या खिशातल्या चुऱ्यावरून कळलं, परवा, कोट उन्हात टाकताना.

पावसाळा सरला आणि तुम्ही कारखान्यात चक्कर येऊन पडलात. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि विचारलं, "अन्न कधीपासून जात नाही?" तुम्ही ग्लानीत होतात. सांभाळून बोलायचं भान नव्हतं. तुम्ही म्हणालात, "बर्फ्या आजारी पडला ना, त्याच्या आधीपासनं." डॉक्टरांना कळेना बर्फ्या कोण. मला सगळं कळलं. दोरी, दोरा, पडवी, देऊळ, सगळं.

डॉक्टर गेल्यावर मी तुमच्या उशाशी बसले. मी विचारलं, "तुम्ही पान बर्फ्याला घालत होतात?"

तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "दोन घासांवर जात नव्हतं. तुझ्या हातचं टाकवतही नव्हतं गो."

"मग मला सांगायचं!"

"दादाला मुंबईला नेला, पोट फाडलान, आणि परत पाठवलान. घर विकलं त्यात. मला नाय न्यायचं तसं."

"तुम्ही मला न विचारता..." मी सुरू केलं, आणि तेवढ्यात नर्सनं भेटायची वेळ संपली म्हणून उठवलं. मी म्हटलं, उद्या बघते तुमच्याकडे. दुसऱ्या दिवशी तुमच्या तोंडात नळी होती. पुढं तुम्ही माझ्याकडे नुसते बघत राहिलात. मी तुमचे पाय चेपत बसले, आणि भांडण पोटात राहिलं.

दहाव्यानंतर भिकूतात्या आले. आत आले नाहीत, अंगणात उभे राहिले. म्हणाले, "वैनी, देवळातनं आलो त्याच सांजेला विष्णू माझ्याकडं आला व्हता. पाय धरायला लागला. माझ्या पापात तात्या तुमचं नाव गेलं म्हणाला. सगळं सांगितलान, पोटाचंसुदा. मी म्हटलं, वैनीला सांग. तर मलाच शपथ घातलान, माझ्या पोराची."

म्हणजे दोघांचं आपापसात होतं ते खरंच. माझा संशय खरा निघाला बघा, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. इतके महिने मी त्या माणसाकडे इख घालणारा म्हणून बघत होते, आणि ते शपथ पाळत गप्प. मी त्यांना म्हटलं, "तात्या, मोडायची होती शपथ. मी तुमच्या मुलासाठी रोज नारळ फोडला असता." ते रडायला लागले. मग मी त्यांना ओट्यावर बसवून चहा दिला. त्यांच्यावरचा राग गेलाय माझा, जवळजवळ. तुमच्यावरचा नाही.

तुम्ही भले होतात हे मला कुणी सांगायला नको. माझ्या स्वयंपाकाचा मान राखलात, शेजाऱ्याची माफी मागितलीत, देवासमोर खोटं बोलला नाहीत. इतकी वर्षं माझ्या जिभेला तोंड दिलंत आणि कधी हात उगारला नाहीत. ह्या सगळ्याचं मी काय करू? मुंबईला न्यायचं की नाही ते आपण दोघांनी ठरवलं असतं. कदाचित नेलंही नसतं. इथंच, ह्याच पडवीत, चमच्यानं पेज घातली असती. मला येत होतं ते. तुमच्या डोळ्यांदेखत मी एका जिवाला तसं वाचवलं होतं.

काल बर्फ्यानं बंदरावर जाऊन काहीतरी कुजकं खाल्लंन. मी माजघरात तांदूळ निवडत बसले होते. तो पुढच्या दारानं आत आला, देवघरात डोकावला, स्वयंपाकघरात गेला, तिथून परत फिरला. पोट आत-बाहेर होत होतं त्याचं. मी दिसले तसा थेट आला आणि माझ्या पायाशी ओकला. मग तिथंच मान टाकून पडला, आता तू बघ म्हटल्यासारखा. मी पुसलं, साखर-मिठाचं पाणी केलं, संध्याकाळपर्यंत उठून शेपटी हलवायला लागला. काही नव्हतं मोठं. पण दुखायला लागल्यावर तो घरभर मला शोधत आला.

तुम्ही का नाही आलात हो?